कॅप्टन स्तिपे, नऊ ढोल आणि ग्रुपमधून काढलेला ताशेवाला

थांबा, सगळं बाजूला ठेवा, मला हे आत्ताच सांगायचंय. बॅग अजून दारातच पडलीये, चिन्मय व्हॅन परत करायला गेलाय, माझ्या केसांना लाकडाच्या धुराचा वास येतोय आणि उद्या सबमिशन आहे. पण "नंतर निवांत लिहू" म्हटलं की माझं कधीच लिहून होत नाही. म्हणून आधी हे.

मी ऋचा. मूळची साताऱ्याची. इकडे अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला मास्टर्स करते आणि आमच्या ढोल-ताशा पथकाची व्हॉलंटियर-प्रमुख आहे. म्हणजे काय, तर ग्रुपवर "प्रॅक्टिसला कोण कोण येतंय?" विचारायचं, अठरा अंगठे मोजायचे आणि पार्किंग लॉटमध्ये सहा जणांबरोबर उभं राहायचं. या वर्षी गणपतीच्या आधी माझं डोकं फिरलं आणि मी नियम काढला: तीन प्रॅक्टिस चुकवल्या की ग्रुपमधून बाहेर. कारण विचारणार नाही.

त्या नियमात पहिला सापडला श्रेयस. आमचा सगळ्यात चांगला ताशेवाला. मला कमरेला ढोल बांधायला शिकवलं ते यानेच. त्याला मिनेसोटात ईडन प्रेरीला जॉब लागला होता, त्या शिफ्टिंगच्या गडबडीत त्याच्या तीन प्रॅक्टिस गेल्या. मी बसमध्ये होते. दोन स्टॉपच्या मध्ये त्याला रिमूव्ह केलं आणि उतरले. तो काही बोलला नाही. मीही नाही. विसर्जनाची मिरवणूक झाली, तो ईडन प्रेरीला गेला, विषय संपला. निदान मी तसं धरून चालले होते.

आणि मग हे आमंत्रण आलं. मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, लेक सुपीरियरच्या बाजूला, एक जुनं तांब्याच्या खाणींचं गाव आहे. तिथे दर सप्टेंबरला परेड असते. खाणीत कामाला आलेल्यांची नातवंडं-पतवंडं आपापलं काहीतरी घेऊन चालतात: फिनिश, क्रोएशियन, इटालियन. या वर्षी त्यांना "नवीन कोणीतरी" हवं होतं. मी एका मिनिटात हो म्हटलं. नऊ ढोल, एक ताशा, दहा माणसं. असं मी लिहून कळवलं. लिहून!

शुक्रवार

सकाळी सहाला व्हॅन भरली तेव्हा दहाच्या जागी आम्ही पाच. एकाला ताप, दोघांना डेडलाइन, चौथी फोनच उचलेना, आणि आमच्याकडे उरलेल्या एकुलत्या एक ताशेवाल्याला इंटरव्ह्यू लागला. नऊ ढोल मात्र आदल्या दिवशीच चढवून ठेवलेले. ते उतरवायला पण माणसं लागतात, म्हणून तसेच घेऊन निघालो.

"ताशा कोण वाजवणार बे?" चिन्मयने विचारलं. चिन्मय नागपूरचा, गाडी तोच चालवतो, कारण तो दुसऱ्या कोणाला चालवू देत नाही.

"ब्लूटूथ स्पीकर," मी म्हटलं. "विसर्जनाचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. ताशा त्यातून, ढोल लाइव्ह."

मागून मीराने फोनमधून डोकं वर काढलं. मीरा इथेच जन्मलेली, तिचे आईबाबा ठाण्याचे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. "ऋचा, दॅट इज द सॅडेस्ट थिंग आय हॅव एव्हर हर्ड," ती म्हणाली. आणि गंमत म्हणजे त्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला, मी चालू कर म्हणते त्याच्याही आधी, श्रेयसचा आवाज आहे: "चला रे, लागा!" मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग.

नऊ तासांचा रस्ता सांगत बसत नाही. फक्त दोन गोष्टी. एक, मॅकिनॉचा पूल. पाच मैल नुसतं पाणी, खाली जाळीची लेन, गाडी त्यावरून जाताना तानपुऱ्यासारखा एकच सूर धरते, आणि चिन्मय, जो कोणाला स्टिअरिंग देत नाही, तो मधोमध "आई गं, आई गं" करत होता. दोन, पेट्रोल पंपावरच्या एका आजोबांनी ढोल बघून विचारलं, "लोणच्याची पिंपं का?" आम्ही हो म्हटलं. समजावण्याची ताकद नव्हती.

आणि झाडं! अर्धी लाल, अर्धी हिरवी, मध्येच एखादं हळद लावल्यासारखं पिवळंजर्द. बास, पुढे चला.

गावात हॉटेल एकच, तेही भरलेलं, म्हणून परेडवाल्यांनी आमची सोय एका घरी केली होती. दारात एक पंचाहत्तरीचे उंच गृहस्थ उभे. पांढऱ्या मिशा, लोकरी टोपी, पाठ एकदम ताठ. कॅप्टन स्तिपे. परेडमध्ये कोण कुठे उभं राहणार हे तेच ठरवतात. क्रोएशियातले, मूळचे शाळेत भूगोल शिकवणारे, आणि नव्वदच्या दशकात तिकडे युद्ध झालं तेव्हा आपल्या गावच्या स्वयंसेवकांच्या तुकडीचे प्रमुख. नंतर मुलगी इकडे आली, तिच्यामागे हे नवरा-बायको आले.

मी सवयीने "नमस्ते काका" म्हटलं. त्यांच्या मिसेस, ल्युबित्सामावशी, आत ओट्याला धरून हसायला लागल्या. त्यांच्याकडे बारकी पोरं शी करतात त्याला काका म्हणतात म्हणे. त्या क्षणापासून ते आमचे कॅप्टन. त्या मात्र मावशीच राहिल्या.

जेवण! इकडे पास्टी नावाचा प्रकार मिळतो, खाणीतले लोक डब्यात न्यायचे. तळहाताएवढी करंजी समजा, आत बटाटा, कांदा आणि मटण. मावशींनी मीरासाठी बिनमटणाची वेगळी केली होती आणि ओळखू यावी म्हणून कडेला मुरड घातली होती. मुरड! मी साताऱ्यापासून इतक्या लांब येऊन ओट्यावर मुरड बघितली. सोबत भाजलेल्या लाल ढोबळी मिरचीचं आयवार. चवीला भरताचा चुलतभाऊ, फक्त तिखट कोणीतरी काढून घेतलंय. चिन्मयने बॅगेतून लसणाची चटणी काढून त्यात कालवली. मावशींनी चाखली, डोळ्यात पाणी आलं आणि डबाच ठेवून घेतला.

उजेड होता तोवर अंगणात प्रॅक्टिस करून घेऊ म्हटलं. पाच ढोल बांधले. स्पीकर कुंपणावर. "चला रे, लागा!" श्रेयस ओरडला आणि आम्ही लागलो.

बेक्कार. स्पीकर थोडा मागे पडतो ना, आम्ही त्याला धरायला जातो, तो अजून मागे. ताशाने ढोलाला न्यायचं असतं, इथे ढोल थांबून ताशाची वाट बघतायत. शेजारचा कुत्रा उठून घरात गेला.

कॅप्टन पायरीवर बसून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले (ते इंग्लिशमध्येच बोलतात, मी मराठीत सांगतेय), "यात एक माणूस नाहीये."

"पाच नाहीयेत," मी म्हटलं.

"पाच मोजायला नाहीत. पण हा जो पुढे असायला हवा," त्यांनी स्पीकरकडे बोट केलं, "हा कुठे गेला?"

मी सांगितलं. तीन प्रॅक्टिस, नियम, रिमूव्ह. बोलताना मला वाटत होतं, हे सैन्यातले, शिस्तीचे, यांना पटेल.

"अरे वा," ते म्हणाले. "मी पण असंच केलं होतं. ये, आत ये, गार झालंय."

आणि मग जे सांगितलं ते ऐका.

त्यांच्या तुकडीत चाळीस-एक माणसं. न्हावी, वेटर, दोन सुतार, बँकेतला एक जण. कोणाला पगार नाही, अर्ध्यांकडे शिकारीच्या बंदुका, काहींकडे त्याही नाहीत. गावाबाहेरची एक टेकडी धरून ठेवायची, एवढंच काम. "सैनिकाला हुकूम देता येतो," कॅप्टन म्हणाले. "हे सगळे माझ्या ओळखीचे. अर्ध्यांना मी वर्गात नद्या पाठ करायला लावलेल्या. त्यांना हुकूम दिला की म्हणायचे, सर, घरी गाय आहे."

पहिल्याच शरद ऋतूत द्राक्षं तयार झाली आणि इवान नावाचा एक जण न सांगता दोन दिवस मळ्यात गेला. परत आला तेव्हा कॅप्टननी सगळ्यांसमोर त्याला झापलं. पळपुटा म्हणाले. इवानने बंदूक भिंतीला टेकवून ठेवली, टोपी घातली आणि टेकडी उतरून गेला.

"मग?" चिन्मय.

"आता ऑस्ट्रेलियात बेकरी आहे त्याची. चांगली चालते. माझ्याशी बोलत नाही." कॅप्टन आयवार पुसून घेत होते पावाने, ताटात नसलेलं पण पुसत होते. "गोळी लागून गेलेले पण आहेत माझे. त्यांची नावं चर्चमध्ये लिहिलीत. इवानचं कुठे लिहू?"

मावशींनी त्यांच्या ताटात अजून एक पास्टी ठेवली.

"त्यानंतर मी ठरवलं. जो परत येईल त्याला कुठे होतास विचारायचं नाही. एकच विचारायचं: काय आणलंस?"

आणि याची खरी परीक्षा झाली हिवाळ्यात. तिकडे थंडी पडली की गावोगाव डुकरं कापतात, वर्षभराची सॉसेजेस तेव्हाच घालतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडयांसाठी सगळी आळी एकत्र येते ना, तसं. एकेका घरी दहा माणसं लागतात. तर एका सकाळी कॅप्टन उठले आणि टेकडीवर ते आणि माते नावाचा पोस्टमन, दोघंच! बाकी चाळीस जण डुकराच्या कामाला घरी.

"समोरून शत्रू दुर्बिणीतून बघतोय," कॅप्टन उठून उभे राहिले, हातात काटा. "मग आम्ही काय केलं? वीस शेकोट्या पेटवल्या. दोघांनी. एक विझत आली की पळत जाऊन लाकूड टाकायचं, मग दुसरी. मी जाड आवाजात खोकायचो, माते बारीक आवाजात. मग जागा बदलून उलटं. दिवसभर! मातेने तर स्वतःशीच पत्त्यांवरून भांडण केलं, मोठ्याने, दोन्ही बाजूंनी. आणि हरला."

आम्ही हसून हसून आडवे. मीराच्या नाकातून पाणी आलं.

"संध्याकाळी ट्रॅक्टर आला. चाळीस जण, माना खाली. मला प्रचंड राग आला होता. मी विचारलं, काय आणलंत? सॉसेजेस! प्रत्येकाच्या घरची वेगळी. मग कोणाची चांगली यावरून रात्रभर वाद. त्यानंतर हिवाळाभर एक माणूस न सांगता गेला नाही. सांगून जायचे, आणि यायचे."

"आणि माते का थांबला?" मी विचारलं.

"मी तीस वर्षांनी विचारलं त्याला. म्हणाला, माझ्याकडे डुक्करच नव्हतं." कॅप्टन हसले, मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. माते गेल्या हिवाळ्यात गेला, असं मावशींनी नंतर मला भांडी पुसताना सांगितलं.

मी फोन घेऊन बाहेर पायरीवर गेले. दहा वेळा नाव काढलं, दहा वेळा स्क्रीन बंद केला. शेवटी लावला.

"बोल," श्रेयस.

"हॅलो. मी ऋचा."

"माहितीये. काय, इन्स्टावरून रिमूव्ह करायचं राहिलंय का?"

"श्रेयस, ऐक ना..."

"नाही, तू ऐक. तीन प्रॅक्टिस. बरोबर आहे, चुकल्या. मी घर पॅक करत होतो. एक फोन करायचास यार. तुझा पहिला ढोल मी बांधलाय."

"हो."

"हो काय?"

"हो म्हणजे हो. फोन करायला हवा होता. चुकलं माझं." "उद्या दोनला परेड आहे. वर, लेक सुपीरियरला. आम्ही पाच जण आहोत आणि तू कुंपणावरच्या स्पीकरमध्ये आहेस. ये म्हणत नाहीये. फक्त सांगतेय."

मग, "ईडन प्रेरीहून किती तास?"

"साडेसहा."

"वेडी आहेस का तू?" आणि फोन ठेवला. तरी मी गावाचा पत्ता पाठवून दिला.

शनिवार

सकाळी फोन नाही, मेसेज नाही. कॅप्टननी काही विचारलं नाही. फक्त कॉफी देताना म्हणाले, "चार ढोल रिकामे आहेत ना? माझ्याकडे चार माणसं आहेत."

चार माणसं म्हणजे चार आजोबा! दोघं त्या टेकडीवरचेच, त्यांच्या मागोमाग इकडे आलेले, आणि दोघं इथेच जन्मलेले फिनिश शेजारी, जे एकूण दिवसभरात सहा शब्द बोलतात. कॅप्टननी त्यांना "या" म्हटलंच नाही. ते नुसते अंगणात जाऊन ढोलापाशी उभे राहिले. पाच मिनिटांत चौघं कुंपणापाशी. "काय आहे हे?" "जड आहे का?" "कंबर धरेल ना?"

मी त्यांना ढोलाचा एकच हात शिकवला, सगळ्यात सोपा ठेका. टेकडीवरचे दोघं मोजतात कसं माहितीये? "येदान, द्वा, त्री!" चिन्मय म्हणाला, "अरे, हे तर आपलेच लोक आहेत!" बारा वाजेपर्यंत नऊच्या नऊ ढोल एका ठेक्यात आले. जवळजवळ. एक फिनिश आजोबा शेवटपर्यंत स्वतःच्या ठेक्यात होते, पण इतक्या शांतपणे की त्यांना कोण सांगणार.

स्पीकर मी व्हॅनमध्ये ठेवून दिला. मीराने बघितलं आणि माझा हात दाबला.

पावणेदोन. मेन स्ट्रीट. लोक घड्या घालायच्या खुर्च्या मांडून बसलेले, पोरांच्या हातात खाऊच्या पिशव्या. पुढे फायर ब्रिगेडचा बंब, मग फिनिश बायका, मग आम्ही. मी रस्त्याच्या टोकाकडे बघतेय. दोन. दोन-पाच.

"कॅप्टन, ताशाशिवाय सुरुवात कोण करणार? आम्हाला इशारा कोण देणार?"

कॅप्टननी काय केलं असेल? मला ढोल बांधून देत होते, ते काम पूर्ण केलं, गाठ ओढून बघितली. मग पुढे जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून, आणि म्हणाले, "मी चाललो." आणि खरंच चालायला लागले! दोन्ही हात डोक्यावर, टाळ्या वाजवत. येदान, द्वा. मागे वळून बघितलं पण नाही.

मग काय करणार? लागलो आम्ही.

वाजलं. अगदी ग्रेट नाही, पण वाजलं. लोक खुर्च्यांवरून उठले. दुकानांच्या काचा थरथरत होत्या. एका बाईंनी कडेवरच्या बाळाचे कान झाकले आणि स्वतः नाचायला लागल्या. गाव एवढंसं की परेड दोनदा फिरते, म्हणजे टोकाला जाऊन वळायचं आणि परत. आम्ही टोकाला पोचलो तेव्हा माझे हात गेले होते, आजोबा लाल झाले होते, आणि मी मनात म्हटलं, ठीक आहे, नाही आला. सांगितलं तरी. हे तरी केलं.

वळलो. आणि बंबाच्या पलीकडे, बंद केलेल्या रस्त्याच्या तोंडाशी, मिनेसोटाच्या नंबर प्लेटची गाडी. चारी दिवे उघडझाप करतायत, ड्रायव्हरचं दार उघडं टाकलेलं आणि श्रेयस, गळ्यात ताशा अडकवत, एका पायातली चप्पल निसटलेली, पळत येतोय!

"दोन म्हणजे तुमचे दोन होय!" तो लांबूनच ओरडला. "इकडे एक तास पुढे असतं हे कोणी सांगायचं? मी म्हटलं अजून वेळ आहे, आरामात जेवलो रस्त्यात!"

माझ्या तोंडावर आलं होतं, काल सांगता येत नव्हतं का, फोन आपटून ठेवलास, रात्रभर... सगळं ओठापर्यंत आलं. कॅप्टन टाळ्या थांबवून माझ्याकडे बघत होते.

"काय आणलंस?" मी म्हटलं.

श्रेयसने गळ्यातला ताशा उचलून दाखवला. "ताशा आणलाय! दिसत नाही का?"

कॅप्टननी चिन्मयला विचारलं, काय म्हणतोय हा? चिन्मयने सांगितलं. आणि तो ताठ पाठीचा माणूस भर रस्त्यात गुडघ्यांवर हात ठेवून हसला, हसता हसता टोपी काढून तोंड पुसलं.

"लाग ना मग," मी म्हटलं.

"आधी ग्रुपमध्ये ॲड कर."

"श्रेयस, परेड चाललीये."

"आधी ॲड."

तर मी, कमरेला ढोल, दातात ढोलाचं टिपरू, अख्खं गाव बघतंय, पुढून फायर ब्रिगेडवाले भोंगा वाजवतायत, फोन काढला आणि ॲड केलं. त्याच्या खिशात टिंग वाजलं. त्याने काड्या वर केल्या, "चला रे, लागा!" म्हणाला, स्पीकरमधून नाही, माझ्यापासून दोन हातांवरून, आणि ताशाची ती तडतडती तर्री सुटली. नऊ ढोल एकदम पडले. फिनिश आजोबासुद्धा ठेक्यात आले, आईशप्पथ.

रविवार

परतीचं काही सांगत नाही. मावशींनी अक्रोडाच्या गोड गुंडाळ्या दिल्या, अळूवडीसारख्या दिसतात, ॲन आर्बरपर्यंत एकही पोचली नाही. श्रेयस ईडन प्रेरीकडे, आम्ही खाली. निघताना कॅप्टन गाडीच्या खिडकीत वाकले आणि म्हणाले, ऑस्ट्रेलियात आता किती वाजले असतील, तुमच्या फोनवर बघता येतं का? मी बघून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आत गेले. दार बंद केलं नाही, म्हणून मला दिसलं, ते फोनपाशी खुर्ची ओढून बसले होते. पुढचं मला माहीत नाही. विचारणार पण नाही, त्यांना सांगावंसं वाटलं तर सांगतील.

गाडीत बसल्या बसल्या मी बाकीच्यांनाही फोन लावले, तापवाल्यापासून फोन न उचलणारीपर्यंत. ती फोन का उचलत नव्हती ते आता कळलंय (ते तिचं, इथे लिहीत नाही), आणि मला फार वाईट वाटतंय, पण ती येतेय पुढच्या प्रॅक्टिसला. काय आणशील विचारलं तर म्हणाली, चकली.

तर आता तुम्ही सांगा, खरंखरं. रागात असंच कोणाला तरी काढून टाकलंय का तुम्ही, दोन स्टॉपच्या मध्ये? आणि आलंय का कोणी परत, साडेसहा तास गाडी चालवत, एका तासाच्या गोंधळाने उशिरा, एका चपलेवर?